पित्याला शिकविणारा पुत्र

कुंभकोणमजवळचे स्वामीमलै हे कार्तिकेयाचे क्षेत्र. खाली शंकराचे देऊळ. साठ पायऱ्या चढून गेले की वर पुत्राचे. बालस्कंदाने प्रणवाचा अर्थ येथे साक्षात पित्याला सांगितला आणि पिता शिष्य होऊन ऐकत राहिला, अशी कथा आहे. पायऱ्यांना साठ संवत्सरांची नावे आहेत. ती घोकून पाठ होतील. अर्थ तसा हाती लागत नाही.

नवोदय विद्यालयाच्या निवडचाचणीला पाचवीतले मूल बसते, तेव्हा घराघरांतून घोकंपट्टीच चालते. दोन तासांत ऐंशी प्रश्न, त्यांतले निम्मे बुद्धिमत्तेचे! मग आईबाप जुन्या प्रश्नपत्रिकांचा रतीब घालतात आणि मूल चुकले की उत्तर स्वतःच सांगून मोकळे होतात. त्याऐवजी पाटी मुलाच्या हाती द्यावी, ‘हे कसे आले, मला समजावून सांग’ म्हणावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. सांगताना मूल जेथे अडखळेल, तेथेच त्याचे कच्चे आहे. तेवढेच दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे. घड्याळ लावून सराव शेवटच्या काही आठवड्यांत पुरे. शाळेची पायरी न चढलेली आईसुद्धा ही शिकवणी घेऊ शकते. तिचे ‘का रे?’ लटके नसते, म्हणून मूलही मन लावून सांगते.