कलेचे गोपन आणि अल्लादियाखाँची गायकी

‘आर्स एस्त केलारे आर्तेम’, म्हणजे कला लपविणे हीच कला, हे लॅटिन वचन पुष्कळदा ऑव्हिडच्या नावावर सांगितले जाते. त्याच्या उपलब्ध काव्यात ते या शब्दांत आढळत नाही. मात्र ‘मेटामॉर्फसीस’च्या दहाव्या सर्गात पिग्मॅलियनच्या मूर्तीविषयी लिहिताना त्याने हाच आशय व्यक्त केला आहे. या वचनावरून कलेत तंत्राला दुय्यम स्थान आहे असा अर्थ काढला जातो. तो ग्राह्य आहे काय, हे कोल्हापूरशी निगडित असलेल्या एका उदाहरणावरून पाहता येईल.

अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. महाराजांच्या १९२२ मधील निधनानंतर ते मुंबईस गेले. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज बिघडला होता. तो परत आला, पण पूर्वीचा राहिला नाही. आणि या नव्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी परिश्रमाने घडविली. तीच जयपूर-अत्रौली गायकी होय.

या गायकीची घडण बिकट आहे. राग पुष्कळदा अनवट किंवा जोड; ताना सरळ चढून उतरण्याऐवजी वक्र मार्गाने फिरतात; आणि तीनतालाच्या १६ मात्रांत प्रत्येक स्वरवाक्य मात्रेच्या अंशाशी सांधलेले असते. असे असूनही समेपूर्वी घाई जाणवत नाही व समेवर झटका बसत नाही. जाणकार श्रोता मात्रा मोजू शकतो. गवयाची मोजणी मात्र त्याला कोठेच ऐकू येत नाही.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. लपतात ते श्रम. रचना लपत नाही. तीही लपली असती, तर केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या शिष्यांना ही विद्या घेताच आली नसती.

साहित्याच्या अभ्यासातही हा भेद उपयोगी आहे. ना. सी. फडके येथील राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक असताना १९३१ साली त्यांचे ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झाले व ललित लेखनाच्या तंत्राची उघड चर्चा झाली. अशा चर्चेने कलाकृतीतील रस आटतो, ही भीती अनाठायी आहे. एखाद्या कथेला ‘सहजसुंदर’ म्हणून अभ्यासक थांबला, तर त्याने केवळ आपला अनुभव नोंदविला. ती सहजता कशी साधली, या प्रश्नापासून त्याचे खरे काम सुरू होते.