कोअर अडवलं की पानं हलत नाहीत

आमच्या छापखान्यात संगणकावर उबुंटू आहे आणि पुस्तकांची पानं लिब्रेऑफिसमध्ये लागतात. काम अर्ध्यावर असताना नवी आवृत्ती आली, की ओळ कुठे तुटते यात केसभर फरक पडू शकतो. २०८ पानांचं पुस्तक म्हणजे १६ पानी १३ फर्मे. एक पान वाढलं की चौदावा फर्मा, म्हणजे कागदाचा हिशेब बोंबलला. म्हणून पुस्तक हातात घेतलं की मी आधी टर्मिनल उघडून 'सुडो एपीटी-मार्क होल्ड लिब्रेऑफिस-कोअर' टाइप करतो. रायटर, कॅल्क ही पॅकेजं नेमक्या त्याच आवृत्तीच्या कोअरवर अवलंबून असतात, त्यामुळे कोअर अडवलं की बाकीची मंडळीही जागची हलत नाहीत. उरलेली यंत्रणा खुशाल अद्ययावत होते. 'शोहोल्ड' अडवलेल्यांची यादी दाखवतं, 'अनहोल्ड' त्यांना मोकळं करतं.

याहून बारीक लगाम हवा तर पिनिंग. त्यात पॅकेजला अग्रक्रमाचा आकडा देतात: एरवी तो ५०० असतो, उणे दिला तर पॅकेज बसतच नाही, १००१ दिला तर जुनी आवृत्तीही परत आणता येते. मला त्याची क्वचितच गरज पडते. स्नॅप या दुसऱ्या पद्धतीने येणाऱ्या पॅकेजांचा संसार मात्र वेगळा, तिथे एपीटीचा होल्ड चालत नाही, उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स तिथेच राहतो. ब्राउझर मी कधीच अडवत नाही.

पुस्तक छपाईला गेलं की त्याच संध्याकाळी होल्ड काढतो. अडवलेल्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, आणि लेखकांचे पेनड्राइव्ह कुठून कुठून फिरून येतात!