मोबाइल अ‍ॅपच्या कोडमधील पुनरुक्ती व तज्जन्य दोष : अँड्रॉइडमधील व्ह्यू बाइंडिंगचा विचार

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी उपक्रम राज्यभर सुरू झाला आणि सातबारावरील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करण्याची पद्धत आली. परळी तालुक्यातील सिरसाळ्याच्या शिवारात उभ्या कपाशीत थांबून गट क्रमांक, क्षेत्र, पेरणीची तारीख व छायाचित्र भरणाऱ्या व्यक्तीसमोर अशा स्वरूपाचे एखादे अ‍ॅप मध्येच बंद पडले, तर सारी माहिती पुन्हा भरण्याची वेळ येते. अशा बंद पडण्याची कारणे अनेक असतात. त्यांपैकी एक क्षुल्लक वाटणारे, परंतु टाळता येण्याजोगे कारण हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

अँड्रॉइडमध्ये स्क्रीनची मांडणी पारंपरिकरीत्या एक्सएमएल फाइलमध्ये, तर तिचे वर्तन जावा अथवा कोटलिन भाषेत लिहिले जाते. दोहोंची सांगड घालण्यासाठी मांडणीतील घटकास आयडी दिला जातो व 'फाइंडव्ह्यूबायआयडी' या फंक्शनने तो शोधला जातो. वीस रकान्यांच्या फॉर्मसाठी जवळजवळ सारख्याच वीस ओळी लिहाव्या लागतात. साहजिकच त्या नकलून घेतल्या जातात, आणि एखादे नाव बदलायचे राहून जाते. आयडी प्रकल्पात कोठेही अस्तित्वात असला की कंपायलर समाधानी होतो. तो याच स्क्रीनच्या मांडणीत आहे काय, हे तो पाहत नाही. परिणामी अ‍ॅप चालू असताना शोध निष्फळ ठरतो, 'नल' हाती येते आणि त्याचा वापर होताच अ‍ॅप कोसळते. छायाचित्राच्या चौकटीस मजकुराचा रकाना समजले गेले, तरी गत तीच.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. जेक व्हार्टन यांच्या 'बटरनाइफ' या लायब्ररीने २०१३ पासून ओळी कमी केल्या. तथापि चुकीचा आयडी उघडकीस येई तो अ‍ॅप चालल्यावरच. कोटलिनच्या 'सिंथेटिक्स' सुविधेत तर केवळ एक इम्पोर्ट पुरे. पण तो भलत्याच मांडणीचा असला तरी कोड बिनबोभाट कंपाइल होई. ही सुविधा २०२० मध्ये कालबाह्य ठरविण्यात आली. ओळी घटल्या म्हणजे दोष घटले, हा समज येथे फसवा ठरतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ ३.६ सोबत आलेल्या व्ह्यू बाइंडिंगचा मार्ग वेगळा आहे. प्रत्येक एक्सएमएल फाइलसाठी एक क्लास आपोआप तयार होतो व त्यात त्याच मांडणीतील, आयडी असलेले घटक योग्य टाइपसह असतात. दुसऱ्या स्क्रीनचे नाव लिहिले, तर कोड कंपाइलच होत नाही. चूक शेतात नव्हे, प्रयोगशाळेत सापडते. आडव्या स्क्रीनच्या मांडणीत एखादा घटक नसेल, तर तो 'नल' असू शकतो अशी नोंद क्लासमध्ये होते व कोटलिन त्याची दखल घेणे भाग पाडते.

एक उणीव मात्र राहते. फ्रॅगमेंटमध्ये 'ऑनडिस्ट्रॉयव्ह्यू' येथे बाइंडिंगचा संदर्भ स्वहस्ते रिकामा करावा लागतो, अन्यथा मेमरी अडकून पडते. म्हणजे थोडी पुनरुक्ती मागील दाराने परत येतेच. जुलै २०२१ मध्ये स्थिर झालेल्या जेटपॅक कंपोझमध्ये एक्सएमएल व आयडी दोन्ही लागत नाहीत, परंतु जुन्या अ‍ॅपचे संपूर्ण पुनर्लेखन खर्चिक असते. व्ह्यू बाइंडिंग ग्रेडल फाइलमधील एका नोंदीने सुरू होते व जुन्या पद्धतीशेजारी नांदते, त्यामुळे एकेक स्क्रीन घेऊन बदल करता येतो.