ओटीपोटातली कळ

मंगरूळपीरच्या त्या दवाखान्यात बाई आत आली, की नाव, गाव, वय लिहून होताच डॉक्टरबाई विचारतात, "पाळी कधी आली होती, ताई?" पोट दुखत असो, चक्कर आलेली असो, उलट्या होत असोत, प्रश्न तोच. पंधरा ते पन्नास वयातली एकही बाई त्यातून सुटत नाही. उत्तर बहुधा सासू देते, नाहीतर नवरा, नाहीतर कोणीच नाही. मग सोबतच्या माणसांना बाहेर बसवून, दार लोटून तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. या वेळी सणावारांवरून हिशेब लागतो. "पोळ्याच्या आधी दोन दिवस." "महालक्ष्म्या बसल्या तवा." डॉक्टरबाई भिंतीवरच्या कालनिर्णयावर बोट ठेवून आठवडे मोजतात आणि केस पेपरवर पहिल्या ओळीत तारीख टाकतात.

सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत मी या खोलीत बसून काम पाहिलं. या दिवसांत मजुरीचा रोज बुडवून कोणी दवाखान्यात येत नाही. सकाळी पोटात कळ आली तर मेडिकलमधून गोळी आणून ती दाबायची, दिवसभर सोंगायचं आणि सहन होईनासं झालं की संध्याकाळी शेलूबाजारकडून किंवा एखाद्या तांड्यावरून ऑटोत घालून आणायचं, अशी रीत. त्यामुळे स्त्रीरोगातली तातडीची प्रकरणं इथे येतात ती दिवेलागणीनंतर, आणि आजार सुरू होऊन बराच वेळ गेल्यावर.

त्या संध्याकाळी आलेली बाई तिशीच्या आतबाहेरची. स्वतःच्या पायांनी चालत आली, पण पलंगावर आडवी होईना. "झोपलं का खांदा दुखून रायला जी," म्हणाली. "भारे उचलले म्हून असंन." ओटीपोटात उजवीकडे दुपारपासून दुखत होतं. वावरात एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पाळी पोळ्याच्या सुमाराची, मध्ये दोन-तीन दिवस थोडं काळपट अंगावरून गेलेलं. लघवी तपासायची म्हटल्यावर ती आणि सासू दोघी एकदम बोलल्या, "ऑपरेशन झालं ना माहं!" "तिचं ऑपरेशन झालं जी मागंच!" डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि सिस्टरांना खूण केली.

लघवीतून गर्भ तपासायची पांढरी प्लास्टिकची पट्टी इथे प्रयोगशाळेत ठेवत नाहीत. बीपीच्या यंत्राशेजारी, ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात तिचा डबा असतो. सिस्टरांनी ड्रॉपरने खोलगट जागेत तीन थेंब सोडले. ओल कागदावरून पुढे सरकत गेली. 'सी' अक्षरासमोर गडद रेघ लगेच उमटली, म्हणजे पट्टी नीट चालते आहे. 'टी'समोर काहीच नव्हतं. सिस्टरांनी ती टाकून दिली नाही, घड्याळ लावलं. चौथ्या मिनिटाला, उजेडात तिरपी धरल्यावर, फिकट गुलाबी रेघ दिसली. फिकट असली तरी ती रेघच धरायची, असा इथला दंडक आहे. आशाताई गावात जे 'निश्चय' किट देतात तेही याच जातीचं. इतक्या स्वस्त वस्तूने निदानाची दिशाच बदलते, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

नसबंदीनंतर गर्भ राहणं दुर्मिळ आहे. पण राहिलाच, तर तो गर्भाशयाऐवजी नळीत रुजलेला असण्याचा धोका एरवीपेक्षा कितीतरी मोठा असतो. नसबंदी झालेल्या स्त्रियांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाचे आकडे १९९७ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांत दर हजार शस्त्रक्रियांमागे सुमारे ७ स्त्रियांमध्ये असा गर्भ आढळला, आणि तिशीच्या आत विजेने नळी जाळून नसबंदी केलेल्यांमध्ये हेच प्रमाण ३२च्या घरात गेलं. आपल्याकडे तर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या प्रजननवयातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांची नसबंदी झालेली आहे, आणि ग्रामीण भागात ती बहुधा विशीतच उरकली जाते. म्हणून "ऑपरेशन झालंय" हे वाक्य ऐकून लघवीची तपासणी टाळणं मला अक्षम्य वाटतं. ते वाक्य ऐकल्यावर ती आधी करायला हवी.

नळी गर्भाशयासारखी ताणली जात नाही. सहा-आठ आठवड्यांत तिची भिंत हार मानते, रक्तवाहिनी उघडी पडते आणि रक्त पोटात साठत जातं. बाहेर काहीच दिसत नाही, दिसलाच तर थोडासा डाग. आडवं झाल्यावर हे रक्त श्वासपटलापर्यंत पोचतं आणि त्याची कळ खांद्याच्या टोकाला जाणवते. भाऱ्याचा दोष नसतो.

डॉक्टरबाईंनी मनगट हातात घेऊन पुरतं मिनिटभर नाडी मोजली. बोटाला चिमटा लावणारं यंत्र शेजारीच होतं, तरीही. नाडी ११६, वरचा रक्तदाब १०२. नाडीला वरच्या दाबाने भागायचं. निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ येतं, ०.९च्या पुढे गेलं की रक्त कुठेतरी वाहतं आहे असं समजायचं. इथे ते एकच्या वर गेलं होतं. तरुण बाईचं शरीर बराच रक्तस्राव होईपर्यंत दाब सावरून धरतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून "बीपी तर नॉर्मल आहे" यावर विसंबायचं नसतं. हिमोग्लोबिनही सुरुवातीला फसवतं, कारण आत उरलेलं रक्त अजून पातळ झालेलं नसतं. आणि कधीकधी पोट रक्ताने भरलेलं असूनही नाडी धावतच नाही. त्यामुळे एका आकड्यावर निकाल लावायचा नाही, पापणी, तळहात, घाम, बोलण्यातली ग्लानी, सगळं मिळून पाहायचं. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यातल्या प्रजननवयातल्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. अशा बाईच्या अंगात मुळातच गमवायला रक्त कमी असतं.

मग सोनोग्राफी. गर्भाशय रिकामं. त्यामागे काळं पाणी. डॉक्टरबाईंनी प्रोब वर नेऊन उजव्या बरगड्यांखाली टेकवला, यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधल्या खाचेत. तिथेही काळी पट्टी दिसली. "इथवर पोचलंय, आता थांबता येणार नाही," एवढंच त्या बोलल्या. पोट उघडायचं ठरवायला त्यांना उजवीकडच्या गाठीचं माप घेण्याची गरज वाटली नाही.

सोनोग्राफी हाताशी नसेल तेव्हाची जुनी रीत त्यांनी मला समजावून सांगितली. योनीमार्गाच्या मागच्या खोबणीतून सुई घालून गर्भाशयामागच्या पोकळीतला द्रव ओढायचा आणि कोरड्या काचेच्या नळीत ठेवून वाट पाहायची. रक्त गोठलं तर सुई शिरेत गेली असावी. गोठलं नाही तर ते पोटात साठलेलं, कारण आत ते एकदा गोठून पुन्हा विरघळलेलं असतं. आता पाठ्यपुस्तकांत ही रीत मागे पडली आहे. तालुक्याच्या गावात रात्री सोनोग्राफी करणारं नोंदणीकृत माणूस मिळेलच असं नसतं, म्हणून ती प्रत्येक नव्या डॉक्टरला यायला हवी असं माझंही मत झालं आहे.

शस्त्रक्रिया तिथे करता येत नव्हती. भूलतज्ज्ञ बाहेरगावाहून येणार आणि रक्त हाताशी नाही. वाशिम सुमारे ४० किलोमीटर, अकोला ६०-७०. कुठे पाठवायचं हे अंतरावर ठरत नाही. आज रात्री रक्त, भूल आणि सर्जन एकत्र कुठे आहेत ते फोनवर आधी विचारून घ्यायचं. २०१४ पासून राज्यात १०८ची रुग्णवाहिका आहे, ती बोलावली. ती येईपर्यंत दोन्ही हातांत जाड हिरव्या सुया, रक्तगट जुळवायला नमुना, लघवीची नळी, अंगावर ब्लँकेट, तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. सलाईन जपून, कारण दाब फार चढवला तर धरलेली गाठ सुटून रक्त पुन्हा वाहू लागतं. वरचा दाब ९०च्या आसपास आणि बाई शुद्धीवर, एवढं रस्त्यापुरतं पुरे. चिठ्ठीवर वेळेसकट सगळे आकडे आणि ठळक अक्षरांत 'यूपीटी पॉझिटिव्ह', म्हणजे लघवीतली गर्भतपासणी होकारार्थी.

वेळ गेला तो सहीपाशी. "पोरगं पुण्याले हाय, थो आल्याबिगर सई कशी करू?" सासू रडवेली झाली होती, तिला दोष देऊ नये. डॉक्टरबाई तिच्याशेजारी बसल्या. "आई, सही तुमची नको आणि त्याचीही नको. ती शुद्धीवर आहे, ती करंल." सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती ही तिचीच असते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात २००८ साली हे स्पष्ट केलं. तिथे प्रकरण गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचं होतं आणि बेशुद्ध मुलीच्या वतीने आईने दिलेली संमती न्यायालयाने धरली नाही. बाईने थरथरत्या हाताने नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला: फुटलेली नळी काढली, पोटातून दीड लिटरच्या वर रक्त निघालं, बाई बरी आहे. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट या सर्जनने १८८३ साली फुटलेली नळी बांधून रुग्ण वाचवून दाखवला, त्याआधी या दुखण्यातून बाई वाचणं ही नशिबाची गोष्ट होती. उपचार इतका जुना आणि पक्का असताना बाई जाते ती बहुतेक वेळा घर ते टेबल या अंतरात.

नळीतला गर्भ नळी फुटण्याआधी सापडला तर बरेचदा मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन पुरतं. त्यानंतर चौथ्या आणि सातव्या दिवशी रक्तातलं एचसीजी हे गर्भाचं संप्रेरक तपासायचं. या दोन तपासण्यांमध्ये ते किमान १५ टक्क्यांनी उतरायला हवं. तांड्यावरून त्या दोन्ही दिवशी बाई येऊ शकेल का, मधल्या रात्री दुखलं तर गाडी मिळेल का, हे विचारल्याशिवाय डॉक्टरबाई इंजेक्शन देत नाहीत. मला हे पुस्तकी निकषांइतकंच शास्त्रशुद्ध वाटतं.

दुसरा प्रश्न त्या दार लोटूनच विचारतात: "गोळ्या घेतल्या का?" आवाजात जराही जरब नसते. गर्भपाताच्या गोळ्या कायद्याने नऊ आठवड्यांपर्यंत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायच्या. प्रत्यक्षात त्या चिठ्ठीविना आणल्या जातात. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांचा त्याच्यावर उपयोग होत नाही, पण गर्भाशयाचं अस्तर सुटून रक्त जातं आणि बाईला वाटतं, मोकळी झाले. आठवड्याने ती कोसळून येते तेव्हा गोळ्यांचं नाव कोणी काढत नाही. गर्भपाताचा कायदा १९७१चा, २०२१ साली तो आणखी सैल झाला, बाईचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक केलं. तरीही बाई डॉक्टरपाशी बोलायला भिते, याची जबाबदारी तिला आजवर ज्यांनी ज्यांनी झापलं त्या सगळ्यांवर येते.

अर्धवट गर्भपाताची एक बाई मी पाहिली. चादर भिजलेली, दाब खाली, आणि नाडी मात्र संथ. स्पेक्युलम लावून दिव्याचा झोत टाकल्यावर गर्भाशयाच्या तोंडात अडकलेला मांसल तुकडा दिसला. डॉक्टरबाईंनी तो चिमट्यात धरून अलगद फिरवत काढला. रक्ताची धार तिथल्या तिथे कमी झाली, पाचेक मिनिटांत नाडी आणि दाब दोन्ही सुधारले. त्या तुकड्याच्या ताणानेच शरीराला तो झटका बसलेला असतो. नुसती सलाईनवर सलाईन लावून हे कधी सुटलं नसतं. आत पाहावंच लागतं.

लग्न न झालेल्या मुलींचं दुखणं याहून उशिरा येतं. अंडाशयावर गाठ असली, की ते देठासकट पीळ खाऊ शकतं. अचानक कळ, उलटी, मग थोडं शांत, पुन्हा कळ. उजवीकडे हे जास्त होतं, कारण डावीकडे मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते. म्हणून ते अपेंडिक्स नाहीतर मुतखडा ठरून सलाईनवर दोन दिवस निघतात. बायकांच्या दवाखान्याची पायरी पोरीने चढली तर लोक काय म्हणतील, ही आईची धास्ती वेगळीच. रंगीत डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेत अंडाशय काळंनिळं दिसलं तरी हल्ली ते लगेच काढत नाहीत. पीळ सोडवून ठेवतात आणि बरेचदा ते पुन्हा काम करू लागतं. मात्र तास हातात असले तरच.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांमध्ये कोणता ना कोणता स्त्रीरोग सापडला आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. विदर्भाच्याच मातीतला हा अभ्यास. त्यानंतर रस्ते झाले, समृद्धी महामार्ग शेलूबाजारपाशी येऊन गेला, मोबाइल आले. दार लोटल्यावर खालच्या आवाजात निघणारी वाक्यं मात्र मला त्या काळातलीच वाटली.

घरी सोडताना डॉक्टरबाई कार्डाच्या मागे मराठीत, मोठ्या अक्षरांत स्वतः लिहितात. नळीतला गर्भ एकदा झालेल्यांपैकी साधारण दहातल्या एकीला तो पुन्हा होतो. म्हणून जिला पुढे मूल हवं आहे तिच्यासाठी: पाळी चुकली की वाट न पाहता लघवीची तपासणी, सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी, गर्भ पिशवीत आहे हे दिसेपर्यंत गाव सोडून मजुरीला जायचं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिल्याची तारीख. त्याची एक प्रत गावच्या आशाताईकडे, बाईला विचारून, तिची हरकत नसेल तरच.