केसाएवढ्या नळीत औषध कसं तयार होतं? समजून घ्या मायक्रोफ्लुइडिक्स

कोरोनाकाळात फायझर-बायोएनटेक आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लशींची जगभर चर्चा झाली. पण नुसतं एमआरएनए टोचलं, तर पेशीत शिरण्याआधीच शरीरातली एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात. त्याला सुखरूप पोहोचवतात ते स्निग्ध पदार्थांचे अतिसूक्ष्म गोळे, म्हणजेच लिपिड नॅनोकण. त्यांचा आकार साधारण १०० नॅनोमीटर असतो. माणसाचा केस त्याहून शेकडो पटींनी जाड असतो.

इतके बारीक आणि तेही एकसारखे कण बनवायचे कसे? त्याचं एक उत्तर आहे मायक्रोफ्लुइडिक्स.

मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे काय?

काच, सिलिकॉन किंवा प्लास्टिकच्या छोट्याशा चिपवर केसाएवढ्या रुंदीच्या नळ्या कोरायच्या आणि त्यातून द्रव पदार्थ मोजून-मापून वाहू द्यायचे, हे ते तंत्र.

आकाराला एवढं महत्त्व का?

कण कुठे पोहोचणार, हे बऱ्याच अंशी आकारावर ठरतं. यकृतातल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्म छिद्रं असतात. त्यातून लहान कण पलीकडच्या पेशींपर्यंत जातात, मोठे अडकतात. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं 'ऑनपॅट्रो' हे औषध याच मार्गाने यकृतात पोहोचतं. एका बाटलीतले कण लहान आणि दुसरीतले मोठे असतील, तर दोन रुग्णांवर परिणामही वेगवेगळा होऊ शकतो.

कण तयार कसे होतात?

चार प्रकारचे लिपिड अल्कोहोलमध्ये विरघळवतात. एमआरएनए किंचित आम्लयुक्त पाण्यात असतं. दोन्ही एकत्र आले की पाण्यात न विरघळणारे लिपिड एमआरएनएभोवती गोळा होतात आणि कण आपोआप तयार होतो. नंतर अल्कोहोल काढून टाकतात.

खरी मेख आहे मिसळण्याच्या वेगात. पिठलं करताना बेसन नीट ढवळलं नाही तर गुठळ्या होतात, तसंच इथे होतं. मिश्रण संथ झालं तर कण एकमेकांना चिकटून मोठे आणि ओबडधोबड होतात. म्हणून काही मिलिसेकंदांतच सगळं मिसळावं लागतं. मोठ्या भांड्यात ढवळून हे साधत नाही.

बारीक नळीत द्रव मिसळतात कसे?

गंमत म्हणजे इतक्या अरुंद जागेत द्रव सहजासहजी मिसळतच नाहीत. भोवरे तयार होत नाहीत, दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी शांतपणे वाहत राहतात.

यावर २००२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात अब्राहम स्ट्रूक, जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडगा सुचवला. त्यांनी नळीच्या तळाशी माशाच्या काट्यासारख्या तिरक्या खाचा कोरल्या. त्यामुळे वाहता वाहता प्रवाहांच्या घड्या पडतात. चिरोट्याची पोळी दुमडत गेलं की पदर वाढतात आणि पातळ होतात, तसंच. पदराची जाडी निम्मी झाली की मिसळायला लागणारा वेळ एक चतुर्थांश होतो. प्रवाहाचा वेग वाढवला की मिश्रण लवकर होतं आणि कण लहान होतात. म्हणजे पंपाचा वेग बदलून कणांचा आकार ठरवता येतो.

मग कोट्यवधी डोस याच चिपमधून आले का?

नाही. एका चिपमधून थोडंच औषध निघतं आणि बारीक नळ्या तुंबण्याचीही भीती असते. कोरोना लशींच्या मोठ्या उत्पादनात दोन जोरदार धारा एकमेकींवर आदळवणारे जेट मिक्सर वापरले गेले. पण तत्त्व तेच होतं. फायझरनेही एकच अवाढव्य मिक्सर बनवण्याऐवजी अनेक छोटे मिक्सर एकाच वेळी चालवले.

चिपच्या बाबतीतही हाच मार्ग अवलंबला जातोय. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच चिपवर १२८ मिश्रण-नळ्या बसवून उत्पादनाचा वेग शंभरपटीहून अधिक वाढवला.

पुढे याचा उपयोग काय?

२०२५ मध्ये फिलाडेल्फियातल्या बाल रुग्णालयात दुर्मिळ आनुवंशिक आजार असलेल्या एका बाळाला, केवळ त्याच्यासाठी बनवलेलं जनुक-दुरुस्तीचं औषध देण्यात आलं. तेही लिपिड नॅनोकणांमधूनच यकृतापर्यंत पोहोचवलं गेलं.

अशा उपचारात कोट्यवधी नव्हे, एकाच रुग्णापुरते डोस लागतात आणि तेही लवकर. तिथे मोठी टाकी कामाची नाही. थोड्याशा महागड्या कच्च्या मालात, दर वेळी तेच कण देणारी छोटी चिप मात्र नेमकी उपयोगी पडू शकते.