पुण्याच्या आधी कुंदगोळ

एका दिवसाची सहल म्हटली, की हुबळी-धारवाडची आपली मंडळी बदामी नाही तर दांडेली गाठतात. जेमतेम वीस किलोमीटरांवरचे कुंदगोळ मात्र बंगळूरच्या गाडीतून जाता-येता मागे पडते.

गेल्या वर्षी माझी कन्या 'सवाई'च्या महोत्सवासाठी पुण्यास निघाली. "सवाई गंधर्व कोठले गं?" मी विचारले. "पुण्याचेच ना, बाबा?" शिक्षकी पेशातल्या मला हे उत्तर बोचले. दोष तिचा नव्हे. घरात आम्हीच कधी सांगितले नव्हते. ती परतताच एका रविवारी आम्ही कुंदगोळला उतरलो.

रामभाऊ कुंदगोळकरांचा जन्म १८८६ सालचा, याच गावचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या या शिष्याने मराठी रंगभूमी गाजविली आणि 'सवाई गंधर्व' ही पदवी मिळविली. पुढे गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने येथे शिकावयास येत. किशोरवयीन भीमसेन जोशी गुरुगृही राहून पाणी भरीत आणि गाणे शिकत. १९५२ साली गुरू निवर्तले. पुण्याचा महोत्सव त्यानंतरचा.

सकाळी चालुक्यकालीन शंभुलिंग देवालय पाहावे. मग अनुमती घेऊन, जेथे रामभाऊंच्या पुण्यतिथीस गायन होते, त्या नाडगीर वाड्यात क्षणभर बसावे. सायंकाळी घरी परतता येते.

यंदा कन्या पुण्यास जाईल, तेव्हा शेजारच्या श्रोत्यास ती नक्की सांगेल : "सवाई गंधर्व आमच्याकडचे!"