एका परिच्छेदाचा काळ

कोलकात्याच्या बालीगंज भागात ब्राइट स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. बंगाली लेखक प्रमथ चौधुरी तिथे राहत असत. १९१४ मध्ये त्यांनी ‘सबुजपत्र’ हे मासिक सुरू केले आणि बंगाली गद्याने साधुभाषा, म्हणजे ग्रांथिक भाषा, सोडून चलित भाषेकडे, म्हणजे सुशिक्षितांच्या बोलण्याकडे, वळावे असा आग्रह धरला. रवींद्रनाथांची ‘घरे बाइरे’ ही कादंबरी याच मासिकातून चलित भाषेत क्रमशः आली. साधू आणि चलित यांतला फरक सर्वांत ठळक दिसतो तो क्रियापदात. साधुभाषेत ‘करियाछिल’, चलितात ‘करेछिल’. अर्थ दोन्हींचा एकच, ‘केले होते’. ही दोन वळणे एकाच लेखात मिसळली तर बंगालीत त्याला ‘गुरुचांडाली दोष’ म्हणतात. नावातला जातिवाचक शब्द आज खटकतो, पण त्यामागची शिस्त मोलाची आहे: लेख संपला की आपली क्रियापदे एका वळणाची आहेत ना, हे पाहायचे.

मराठीत आपण ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, अनुस्वार तपासतो. क्रियापदांचा काळ मात्र फार थोडे लोक तपासतात. प्रबंध, शोधनिबंध, अहवाल, इतिवृत्त यांत जे लेखन वाचताना ‘कुठेतरी अडखळते’ असे वाटते, त्याचे कारण बऱ्याचदा इथेच सापडते.

बालीगंजशीच जोडलेला एक परिच्छेद घेऊ. माहिती खरी आहे, काळ मुद्दाम बिघडवले आहेत:

‘सत्येंद्रनाथ ठाकूर १८६३ मध्ये सनदी सेवेसाठी निवडले गेले. मुंबई इलाख्यात त्यांची नेमणूक होते आणि साताऱ्याचे न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले होते. पुढे ते बालीगंजमध्ये राहतात. त्यांची कन्या इंदिरादेवी यांचा १८९९ मध्ये प्रमथ चौधुरी यांच्याशी विवाह झाला आहे. सत्येंद्रनाथ तुकारामांचे अभंग बंगालीत आणतात आणि मराठी संतकवीचा परिचय बंगाली वाचकांना करून दिला.’

यातले एकही वाक्य असे नाही की ज्याचा अर्थ लागत नाही. म्हणूनच ही चूक टिकते. आता एकेक क्रियापद पाहू.

पहिले काम म्हणजे परिच्छेदाचा मूळ काळ ठरवणे. इथे एका माणसाचे आयुष्य सांगायचे आहे, घटना एकामागून एक घडून गेल्या आहेत. तेव्हा साधा भूतकाळ हाच मूळ काळ. ‘निवडले गेले’ बरोबर आहे. ‘नेमणूक होते’ मध्ये लेखक अचानक ऐतिहासिक वर्तमानात शिरला. चरित्रात किंवा व्याख्यानात हा वर्तमानकाळ शोभतो, प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. मात्र तो वापरायचा तर पूर्ण प्रसंगभर वापरावा लागतो. प्रबंधात तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तिथे वर्तमानकाळाकडे दुसरे, अधिक महत्त्वाचे काम असते.

‘निवृत्त झाले होते’ ही मराठीत सर्वांत जास्त दिसणारी चूक. घटना फार जुनी आहे म्हणून लेखक ‘होते’ जोडतो. पण पूर्ण भूतकाळाला घटना किती जुनी आहे याच्याशी देणेघेणे नाही. भूतकाळातल्याच दुसऱ्या एका घटनेच्या आधी ही घटना घडली, एवढेच तो सांगतो. ‘इंदिरादेवींचा विवाह झाला तेव्हा सत्येंद्रनाथ निवृत्त झाले होते’ हे वाक्य योग्य, कारण विवाह हा टप्पा समोर आहे. असा टप्पा नसताना ‘होते’ आले की वाचक पुढच्या घटनेची वाट पाहत राहतो आणि ती येतच नाही. वर्तमानपत्री बातम्यांमुळे ‘गेला होता’, ‘केले होते’ आपल्या हाताला इतके सवयीचे झाले आहे की ते खटकतही नाही.

‘विवाह झाला आहे’ मध्ये उलट अडचण आहे. ‘आहे’ ची जोड घटनेला आजच्या क्षणाशी बांधते. १८९९ हे साल दिल्यावर घटना त्या वर्षाशी बांधली गेली. एकाच क्रियापदाला दोन खुंट्यांवर टांगता येत नाही. साल असेल तर ‘झाला’. फळ आजही समोर असेल आणि साल सांगायचे नसेल, तर ‘झाला आहे’. ‘मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ मध्ये प्रसिद्ध झाले’, पण ‘दामले यांनी क्रियापदाच्या रूपांचे सविस्तर विवेचन केले आहे’, कारण ते विवेचन आजही पुस्तकात वाचता येते.

शेवटच्या वाक्यात तर व्याकरणच मोडले आहे, आणि ही अडचण मराठीच्या रचनेतूनच येते. ‘सत्येंद्रनाथ अभंग बंगालीत आणतात’ यात कर्ता प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्या मागे चालते. साध्या भूतकाळात गेलो की बहुतेक सकर्मक क्रियापदांचा कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते: ‘सत्येंद्रनाथांनी अभंग आणले’, ‘परिचय करून दिला’, ‘ओळख करून दिली’. म्हणजे मराठीत काळ बदलला की वाक्याचा सांगाडाच बदलतो. ‘आणतात आणि करून दिला’ असे जोडले की दुसऱ्या क्रियापदाला कर्ताच उरत नाही. बंगालीत असे होत नाही. ‘से करे’ आणि ‘से करेछे’ यांत ‘से’ जसाच्या तसा राहतो, क्रियापदाला लिंगही लागत नाही. बंगाली लेखकाचा काळ घसरला तर शैली बिघडते, आपला घसरला तर अन्वय तुटतो. म्हणून ‘आणि’, ‘व’, ‘तसेच’ यांच्या दोन्ही बाजूंची क्रियापदे नेहमी जोडीने वाचावीत. लांब वाक्यात ही चूक हमखास लपून बसते.

दुरुस्त परिच्छेद असा होईल: ‘सत्येंद्रनाथ ठाकूर १८६३ मध्ये सनदी सेवेसाठी निवडले गेले. मुंबई इलाख्यात त्यांची नेमणूक झाली आणि साताऱ्याचे न्यायाधीश असताना ते निवृत्त झाले. पुढे ते बालीगंजमध्ये स्टोअर रोडवर राहत असत. तो रस्ता आज गुरुसदय रोड या नावाने ओळखला जातो. त्यांची कन्या इंदिरादेवी यांचा १८९९ मध्ये प्रमथ चौधुरी यांच्याशी विवाह झाला. सत्येंद्रनाथांनी तुकारामांचे अभंग बंगालीत आणले आणि मराठी संतकवीचा परिचय बंगाली वाचकांना करून दिला.’

यात दोनदा काळ बदलला आहे, आणि दोन्ही वेळा त्याला कारण आहे. ‘राहत असत’ हा रीतिभूतकाळ. राहणे ही एका दिवसाची घटना नव्हती. ‘ओळखला जातो’ हा वर्तमानकाळ, कारण रस्ता आजही आहे, आणि ‘आज’ या शब्दाने वाचकाला तशी सूचनाही दिली आहे. सुसंगती म्हणजे सगळीकडे एकच काळ कोंबणे नव्हे. सांगण्यातला काळ बदलला तर क्रियापदाचा काळ बदलावा, एरवी नाही.

आता प्रबंधाकडे वळू. बालीगंज सर्क्युलर रोडवर कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान संकुल आहे. तिथे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे विभाग आहेत. समजा, अशा विभागातल्या एखाद्या मराठी विद्यार्थिनीने दक्षिण कोलकात्यातल्या रवींद्र सरोवराच्या पाण्याचा अभ्यास केला आणि ती तो मराठीत मांडते आहे. आराखडा सादर करताना ती भविष्यकाळात लिहील: ‘नमुने गोळा केले जातील’. काम झाल्यावर हाच मजकूर प्रबंधात येतो आणि तिथे ‘जातील’ तसेच राहून जाते. परीक्षकाला मग प्रश्न पडतो की काम झाले की व्हायचे आहे. पद्धतीचे प्रकरण साध्या भूतकाळात हवे: ‘नमुने घेतले’, ‘तापमान मोजले’. त्याच प्रकरणात ‘सरोवर दक्षिण कोलकात्यात आहे’ हे वाक्य मात्र वर्तमानातच राहील.

निरीक्षणेही भूतकाळात: ‘पावसाळ्यात शेवाळाचे प्रमाण वाढले’. हे तिला त्या वर्षी, त्या पाण्यात दिसले. चर्चेत ती म्हणते, ‘पावसाळी पाण्याबरोबर येणारी पोषकद्रव्ये शेवाळाच्या वाढीला कारणीभूत ठरतात’. इथे वर्तमानकाळ आला आणि त्याबरोबर जबाबदारीही आली. ‘वाढले’ म्हणताना ती साक्षीदार असते, ‘ठरतात’ म्हणताना दावा करते. ज्याला पुरेसा पुरावा नाही तो दावा वर्तमानकाळात लिहिणे ही शैलीची नव्हे, शास्त्राची चूक आहे. प्रबंधातल्या वर्तमानकाळाचे महत्त्वाचे काम ते हेच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेतली शिफारसही याच वळणाची आहे: निष्कर्षांची आकडेवारी भूतकाळात, त्यांचा अर्थ वर्तमानकाळात.

पूर्वसुरींचा आढावा घेताना हा भेद सर्वांत उपयोगी पडतो. रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात पक्ष्यांमधल्या मलेरियाचा डासांमार्फत होणारा प्रसार सिद्ध केला. ‘सिद्ध केला’ ही घटना, ती संपली. ‘मलेरिया डासांमार्फत पसरतो’ हे त्यातून पुढे आलेले ज्ञान, ते आजही खरे आहे. त्याआधी ‘मलेरिया दूषित हवेमुळे होतो असे मानले जात असे’; हे मत आता टिकलेले नाही, हे ‘जात असे’ एवढ्यावरूनच कळते. एका काळाच्या निवडीत लेखक त्या मताच्या बाजूने आहे की नाही, हे वाचकापर्यंत पोचते.

इंग्रजीतले संदर्भ वाचून मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी. इंग्रजीत ‘सांगितले’ भूतकाळात आले की पुढचे उपवाक्यही बहुधा भूतकाळात ढकलले जाते. मराठीत ‘की’ नंतर मूळ बोलण्याचा काळ तसाच राहतो. ‘विद्यार्थ्यांनी सांगितले की त्यांना वेळ पुरत नाही’ हे मराठी. ‘पुरत नव्हता’ लिहिले तर ते आणखी आधीच्या काळाबद्दल बोलत होते असा अर्थ होतो, आणि मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात त्याने माहितीच बदलते.

कार्यालयीन लेखनाचे नियम यापेक्षा सोपे आहेत. इतिवृत्त भूतकाळात: ‘ठराव मंजूर करण्यात आला’. आदेश वर्तमानात: ‘मान्यता देण्यात येत आहे’, कारण त्या कागदानेच मान्यता मिळते. सूचना विध्यर्थात: ‘अहवाल सादर करावा’. एकाच परिपत्रकात ‘सादर करावा’, ‘सादर करतील’ आणि ‘सादर करणे’ अशी तिन्ही रूपे आली, तर बंधनकारक काय आणि अपेक्षित काय यावर वाद होतो.

आणि आपलाही एक साधू-चलित भेद आहेच: ‘केले’ आणि ‘केलं’. दोन्ही चालतात, ललित लेखनात दुसरे अधिक जिवंत वाटते, औपचारिक लेखनात पहिले रूढ आहे. एका मजकुरात मात्र एकच ठेवावे.

तपासणीसाठी एक वाचन फक्त क्रियापदांसाठी राखून ठेवा. प्रत्येक परिच्छेदातल्या क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ ओढा आणि तेवढीच क्रमाने वाचा; विषय बाजूला पडतो आणि काळाची उडी लगेच दिसते. उडी दिसली की घाईने पुसू नका, आधी तिचे कारण शोधा. कारण सापडले तर ‘आज’, ‘त्याआधी’, ‘तेव्हापासून’ असा एखादा शब्द देऊन ते वाचकालाही दाखवा. सुरुवात पद्धतीच्या प्रकरणापासून करा; आराखड्यातले ‘जाईल’ आणि ‘जातील’ सर्वांत जास्त तिथेच राहून गेलेले असतात.